चेहरा वाचता येईनासा होतो तेव्हा

महोदय,
स्मृतिभ्रंशावर लिहिताना सगळा भर विसरण्यावरच असतो. माझ्या वडिलांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांची झीज होणारा स्मृतिभ्रंशाचा प्रकार. आई समोर बसून डोळे पुसत होती आणि ते टीव्हीचा आवाज वाढवत होते. २ वर्षं आम्ही याला कोडगेपणा म्हणत राहिलो! खरं तर समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, दुःख, भीती ओळखणाऱ्या मेंदूच्या भागांचीच झीज होत असते. हसरा चेहरा त्या मानानं उशिरापर्यंत कळतो. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात किळस ओळखणं अवघड जाऊ शकतं. पार्किन्सनच्या रुग्णाचा तर स्वतःचा चेहराही गोठून भावहीन दिसू शकतो, मग गैरसमज दोन्हीकडून. तपासणीत आम्हाला याबद्दल कुणी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. आता आई सरळ तोंडानं सांगते, "मला वाईट वाटतंय." मग ते आवाज कमी करतात.

– एक वाचक