नव्या सिस्टरला एकटी सोडू नका

‘नव्या परिचारिका टिकत का नाहीत?’ हा लेख वाचला. दोष मुलींच्या सहनशक्तीला दिला आहे, तो पटला नाही. जीएनएम या परिचर्या पदविकेची 3 वर्षे पूर्ण केलेली मुलगी आठवडाभरात रात्रपाळीला एकटी उभी केली जाते. सर्वसाधारण रुग्णालयात 5 खाटांमागे 1 परिचारिका हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. धुळ्यात पहिल्याच रात्री माझ्याकडे 40 खाटा होत्या. एक आजी ‘पोटमा दुखस’ म्हणून कण्हत होत्या, पलीकडे सलाइन संपत आलेले आणि ओव्हर देणारी, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवणारी आधीच्या पाळीची सिस्टर शेवटची बस गाठायला निघून गेलेली. अहिराणी येत होती, एवढेच नशीब! निदान पहिले 3 महिने तरी नव्या मुलीची पाळी अनुभवी सिस्टरसोबतच लावावी.

– एक निवृत्त परिचारिका, धुळे