हरिपूरचं पेव आणि इथलं बर्फघर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी आम्ही इंग्लंडच्या डेव्हनमधल्या किलरटनला गेलो होतो. जुन्या जमीनदाराची हवेली आणि तिच्याभोवती मोठी बाग. बागेत झाडीआड 1808च्या सुमाराचं बर्फघर आहे. दारातून आत वाकले आणि तोंडातून निघून गेलं, "अगंबाई, हे तर हरिपूरचं पेव!"

बाबा, तुम्ही हवे होतात. तुम्ही हळदीला कीड लागू नये म्हणून ती पेवात, जमिनीच्या पोटातल्या खड्ड्यात ठेवायचात, यांनी बर्फाला ऊन लागू नये म्हणून तेच केलं. अशी बर्फघरं बहुतेक बड्या हवेल्यांत असायची. विटांचा खोल खड्डा, वर घुमट, घुमटावर माती, दार शक्यतो उत्तरेला. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फ फोडून आणायचा, बारीक करून ठोकून ठोकून भरायचा आणि कडेनं पेंढा. पुढच्या उन्हाळ्यात सरबतं गार करायला, मासळी टिकवायला तोच. सगळ्यात महत्त्वाची तळाची मोरी. वितळलेलं पाणी साचलं तर उरलेला बर्फही भराभर जातो, म्हणून ते लगेच वाहून गेलं पाहिजे. पाण्याला वाट ठेवायची म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगणार!

आई, तुला नवल वाटेल, मुंबईतही फोर्ट भागात असं बर्फघर होतं. बर्फ यायचा थेट अमेरिकेतून, जहाजानं!

किलरटनचं पहिल्यांदा भरलं तेव्हा 30 माणसं 5 दिवस राबली आणि 40 टन बर्फ आत गेला. त्या थंडीत, उघड्या हातांनी असेल. माणसं किती, दिवस किती, हे इथं कुणीतरी टिपून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतं. आणि आपल्या पेवांचं? 2005च्या पुरात कितीतरी बुडाली. त्यात उतरणाऱ्या हमालांची नावं कुठे लिहिलेली आहेत?

बाबा, पेव उघडल्यावर तुम्ही आधी कंदील खाली सोडायचात, तो विझला की कुणाला उतरू द्यायचा नाहीत, एवढं मला आठवतं. पण किती वेळ थांबायचात? तोंड कशानं लिंपायचात? शेणमातीनं ना? आत पहिला कोण उतरायचा? येत्या रविवारी फोनवर सगळं सावकाश सांगा. मी वही घेऊन बसणार आहे.

आईनं गुडघ्याचं तेल रोज लावावं. डबा पोचला, मेतकूट संपतही आलं.

तुमची,
मनू