व्हेनिसचे खुंट दगड झालेले नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हेनिसचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास छापली जातात: ते शहर पाण्यावर उभे आहे आणि त्याखालचे लाकूड पाण्यात राहून दगड झाले आहे. आपल्या पुरवणीतील लेखातही ती आली. दोन्ही चुकीची आहेत आणि त्यामुळे शहराला खरा धोका कुठून आहे, हेच झाकले जाते.

व्हेनिस उभे आहे ते चिखलावर. सुमारे ५५० चौरस किलोमीटरचे उथळ खारे सरोवर आणि त्यात, आपल्याकडच्या खाजणांसारखी, भरतीला जेमतेम डोके वर काढणारी शंभरावर बेटे. वर मऊ गाळ, काही मीटर खाली ‘कारान्तो’ ही घट्ट चिकणमाती. इमारतींखाली ठोकलेले लाकडी खुंट या थरावर टेकवले आहेत असा समज आहे, पण साध्या घरांचे खुंट बहुधा तिथवर पोहोचतच नाहीत. त्यांची लांबी दीड ते साडेतीन मीटर आणि जाडी मनगटाएवढी किंवा थोडी अधिक. चौरस मीटरला आठ-नऊ खुंट दाटीने ठोकले की मधला गाळ दाबला जातो, त्यातले पाणी पिळून निघते आणि माती व लाकूड मिळून एकच घट्ट ठोकळा होतो. वजन पेलतो तो हा ठोकळा. सालुते चर्चखाली दहा लाखांहून अधिक खुंट असल्याचे सांगतात. १५८८ ते १५९१ या काळात बांधलेल्या रिअल्टो पुलाखाली दोन्ही काठ मिळून सुमारे १२,००० आहेत.

कामाची रीत अशी. फळ्यांच्या दोन रांगा रोवायच्या, मधे चिकणमाती ठासून बांध करायचा आणि आतले पाणी उपसायचे. ओक, लार्च, एल्म यांचे ओंडके डोंगरातून नदीने तराफे करून आणलेले असत. टोक काढलेले खुंट, मुठी बसवलेल्या जड लाकडी धुम्मसाने, गाण्याच्या ठेक्यावर ठोकले जात. सुरुवात बाहेरच्या कडेने, मग फेर धरत आत. मधून सुरुवात केली तर गाळ बाहेर सरकतो. आधी कडा बांधली की त्याला पळायला जागा उरत नाही. मग सगळी डोकी एका पातळीत कापायची, त्यावर लार्चच्या जाड फळ्यांचे आडवे-उभे थर, त्यावर इस्त्रिया प्रदेशातल्या घट्ट चुनखडी दगडाचे जोते आणि त्यावर विटांची भिंत. विटा चुन्यात, जमिनी लाकडी तुळयांवर. पाया कमी-जास्त खचणार हे गृहीतच होते आणि चुन्याची भिंत न तुटता थोडी वाकते. तिथल्या तिरप्या मनोऱ्यांना हसण्याआधी हे लक्षात घ्यावे.

लाकडाचे म्हणाल तर ते लाकूडच आहे. ते पूर्ण गाळात असते, तिथे प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून बुरशी आणि लाकूड पोखरणारे समुद्रकिडे फिरकत नाहीत. हवेविना जगणारे जिवाणू मात्र ते हळूहळू खातात; बाहेर काढलेले खुंट वरून मऊ झालेले आढळतात. पोकळ झालेल्या पेशी पाण्याने भरलेल्या राहतात, म्हणून आकार टिकतो. पाण्यातच, पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यात उभे असलेले नौका बांधायचे खांब पाहा. आज ओले, उद्या कोरडे, आणि ते वरचेवर बदलावे लागतात. सान मार्कोचा घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला, तेव्हाही शतकानुशतकांचे खुंट शाबूत होते. बिघडली होती ती वरची वीट. नवा मनोरा त्याच जागी, पाया रुंदावून, १९१२ मध्ये पुरा झाला.

पिण्याच्या पाण्याची सोय तर पायाहूनही हुशारीची होती, पण तिच्याबद्दल क्वचितच कोणी लिहितो. खाली गोडे पाणी नाही, म्हणून चौकात काही मीटर खोल खड्डा, त्याला चिकणमातीचे जाड अस्तर, आत वाळू आणि मधोमध विटांची नळी. चौकाच्या उतारावरून पावसाचे पाणी जाळीच्या दगडांतून वाळूत उतरे आणि गाळले जाऊन नळीत जमे. उधाणाचे खारे पाणी एकदा आत शिरले की मात्र सगळी वाळू नासली. मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले ते १८८४ मध्ये.

आता धोका. इस्त्रियाचा दगड जवळजवळ पाणी पीत नाही, म्हणून जोते त्याचे केले आणि त्याची उंची भरतीच्या पातळीच्या वर ठेवली, म्हणजे पाणी विटेला लागणार नाही. भरती मोजण्यासाठी ठरवलेल्या १८९७ च्या शून्यपातळीच्या तुलनेत सरासरी पाणी आज सुमारे ३० सेंटिमीटर वर आहे. समुद्र चढला आणि जमीनही खचली. मुख्य भूमीवरच्या मार्गेरा येथील कारखान्यांसाठी झालेला भूजल उपसा हे खचण्याचे एक मोठे कारण. तो सत्तरच्या दशकात आवरला, पण खचलेली जमीन परत वर येत नाही. पाणी जोते ओलांडून विटेला लागते, ओल वर चढते, मीठ सुकताना स्फटिक होऊन फुगते आणि भिंतीला लोणा लागतो. मोटारबोटींच्या लाटा विटांच्या सांध्यांतला चुना धुऊन नेतात, ते वेगळेच.

सरोवराच्या तीन मुखांवर बसवलेल्या ‘मोझे’ या भरती अडवणाऱ्या योजनेच्या ७८ पोलादी झडपा तळाशी पाणी भरून पडून असतात, आत हवा भरली की बिजागरीवर उठतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी पहिल्यांदा खरी भरती अडवली. पण त्या उचलतात त्या शून्यपातळीच्या वर साधारण ११० सेंटिमीटर भरतीचा अंदाज असेल तेव्हा. सान मार्को चौकाचा सखल भाग ८०-९० लाच भिजू लागतो, म्हणून तिथल्या बॅसिलिकेभोवती, म्हणजे मोठ्या चर्चभोवती, २०२२ मध्ये काचेची वेगळी भिंत उभारावी लागली. बाकी शहराच्या सखल भागात ११० च्या आतल्या भरत्यांचे पाणी आजही विटेपर्यंत पोहोचते.

आपला,
एक वाचक (स्थापत्य अभियंता), रत्नागिरी