बापूला पत्र: मोठ्या कंपनीत खरं कसं असतं

धुळे,
11 जानेवारी 2026

प्रिय बापू,

तुझा मेसेज आणि आमच्या कंपनीने तुला दिलेल्या ऑफर लेटरचे फोटो मिळाले. इथलं कल्चर कसं आहे, नोकरी घेऊ का, दोन ओळींत सांग म्हणालास, पण दोन ओळींत मावणारी गोष्ट नाही. फोनवरही नको, कंपनीच्या बसमध्ये शेजारी कोण बसलंय ते बघून बोलावं लागतं. आज रविवार, म्हणून निवांत लिहायला बसलोय. वाचून झालं की याचा फोटो काढून कुणाला पाठवू नकोस म्हणजे झालं.

आबांना आनंद झाला असणारच. आपल्याकडे मोठ्या कंपनीचा विषय निघाला की कुणीतरी अमळनेर काढतोच. 1945 साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि ज्यांनी शेअर विकले नाहीत त्यांच्या पिढ्यांचं भलं झालं. गोष्ट खरी आहे. पण ती शेअर धरून बसलेल्यांची आहे, आणि तू तर पंचिंग मशीनवर बोट ठेवायला येतोयस. आबांना तेवढं समजावून सांग.

आता तुझा प्रश्न, ‘तुमच्याकडे कल्चर कसं आहे?’ तू ज्या दालमिलमध्ये आहेस तिथे सेठ सकाळी आईमाईवरून ओरडतो आणि दुपारी स्वतःच चहा सांगतो. आमच्याकडे कुणी ओरडत नाही. ‘प्लीज एक्सप्लेन’ एवढाच मेल येतो आणि सीसीमध्ये सात जण असतात. त्या सातांपैकी पाच जणांचा त्या कामाशी काही संबंध नसतो, पण तुझं नाव त्यांच्या लक्षात राहतं. पहिले काही महिने तुला सेठची आठवण येईल, बघ.

भिंतीवर व्हिजन, मिशन, व्हॅल्यूज सगळं फ्रेम करून लावलंय. ते वाचून काही कळत नाही. मी एकच गोष्ट बघतो: वाईट बातमी खालून वर जायला किती वेळ लागतो, आणि जाता जाता तिचं काय होतं.

आमच्या पॅकिंग लाईनवर अँडॉन बसवलं होतं. टोयोटाच्या कारखान्यांमुळे ही पद्धत जगभर गेली. कामगाराला दोष दिसला की त्याने दोरी ओढायची किंवा बटण दाबायचं, दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत सुटलं नाही तर लाईन थांबते. पहिल्या महिन्यात आमची पोरं बटण दाबायची, लेबल तिरकं लागलं तरी. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की कुठल्या ऑपरेटरमुळे किती मिनिटं लाईन थांबली याचा तक्ता नावानिशी लावायचा. झालं. पुढच्या महिन्यापासून दिवा कायम हिरवा. प्रेझेंटेशनमध्ये त्याचा आलेख दाखवला, टाळ्या पडल्या. आणि डिस्पॅचला गेलेली अर्धी गाडी परत येऊ लागली. आमचा एक जुना फिटर आहे, शिंदखेड्याकडचा, निवृत्तीला आलेला. तो म्हणाला, “खरं सांगं ते सायबले राग येस, खोटं सांगं ते मशीनले.” मी कितीतरी मॅनेजमेंट ट्रेनिंगला बसलो, पण इतकं सरळ कुणी सांगितलं नाही.

त्या वेळचे प्लांट हेड प्रत्येक मीटिंगला म्हणायचे, “प्रॉब्लेम आणू नका, सोल्यूशन आणा.” ऐकायला छान वाटतं. पण ज्याच्याकडे सोल्यूशन नाही तो प्रॉब्लेम खिशातच ठेवतो, आणि मोठे प्रॉब्लेम तर असेच असतात ज्यांचं सोल्यूशन लाईनवरच्या माणसाकडे नसतं.

अपघाताचंही सांगतो, कारण तू मेन्टेनन्सला येणार आहेस. गेटवर पाटी आहे, अपघाताविना किती दिवस गेले त्याची. काही वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टवरच्या एका पोराचं बोट कन्व्हेयरमध्ये चेंगरलं. तेव्हाच्या कारखाने कायद्यात, 1948 च्या, अशी तरतूद होती की अपघातामुळे माणूस 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर सरकारला कळवायचं. मग काय केलं माहितीये? दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची जीप त्याच्या गावी गेली, पोराला घेऊन आली आणि टाइम ऑफिसमध्ये खुर्चीवर बसवून ठेवलं. हाताला एवढं मोठं बँडेज, समोर चहा, हजेरी लागलेली. कागदावर तो कामावर होता. पाटीवरचा आकडा एकाने वाढला. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाला शपथ झाली, लाडू वाटले. त्या पोराने लाडू घेतला की नाही ते मी पाहिलं नाही, पण पुढच्या हंगामात तो गावी कापूस वेचायला गेला आणि परत आलाच नाही. कन्व्हेयरला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लागणारं झाकण, मात्र बसलंच नाही, कारण जो अपघात झालाच नाही त्यासाठी गार्डचा खर्च कोण मंजूर करणार?

अप्रेझलचं थोडक्यात. बेल कर्व्ह आहे. म्हणजे सहा जणांची टीम कितीही चांगली असो, एक जण खाली टाकायचाच. अमेरिकेतल्या जीई कंपनीत, तिचे प्रमुख जॅक वेल्श यांच्या काळात, ही क्रमवारी गाजली, मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये आपली बंदही केली, आमच्या एचआरपर्यंत ती बातमी अजून यायचीय. परिणाम असा की चांगला कामगार नव्याला पूर्ण शिकवत नाही. शिकवलं तर तोच पुढच्या मार्चमध्ये याच्या वर जाईल. तुला कुणी सर्वो ड्राइव्हचं पॅरामीटर, म्हणजे मोटरची सेटिंग, सांगितलं नाही तर तो दुष्ट आहे असं समजू नकोस, तो हिशोबी आहे.

वर्षातून एकदा ऑनलाइन सर्व्हे होतो. ‘तुमची ओळख गुप्त राहील’ असं वर लिहिलेलं असतं आणि खाली विभाग, शिफ्ट, वयोगट आणि नोकरीची वर्षं विचारलेली असतात. नाइट शिफ्टच्या युटिलिटीत पन्नाशीच्या पुढचा एकच माणूस आहे, भो! तो सगळीकडे ‘पूर्ण सहमत’ ठोकतो.

यापेक्षा वाईट मला ठेकेदारीचं वाटतं. माझे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते. त्यांच्या बोलण्यात जॉबर यायचा: कामावर घेणारा तोच, बदलीला बोलावणारा तोच, त्यामुळे कामापेक्षा त्याची मर्जी सांभाळायची. आमच्या गेटवर आज ठेकेदाराचा सुपरवायझर हातात यादी घेऊन उभा असतो तेव्हा मला आजोबांचं बोलणं आठवतं. एकाच लाईनवर, एकाच मशीनच्या दोन बाजूंना दोन माणसं, कायम कामगाराचा शर्ट निळा, ठेकेदाराच्या माणसाचा राखाडी. कॅन्टीनची वेळही वेगळी. राखाडी शर्टवाला बटण दाबणार नाही, तक्रार करणार नाही, आणि नेमकं त्यालाच आधी दिसतं, कारण मशीनच्या जवळ तोच असतो.

आता तुला वाटेल हा नुसता रडतोय. तसं नाही. मध्ये दोन वर्षं एक साहेब होते, बाहेरच्या राज्यातले, मराठी जेमतेम. आल्या आल्या त्यांनी तो नावांचा तक्ता काढला. सकाळच्या मीटिंगला पहिला प्रश्न असायचा, “काल काय बिघडलं?” आणि दुसरा, “तुला काय मिळालं असतं तर बिघडलं नसतं?” सुरुवातीला सगळे गप्प. मग एकदा थंडीत पोरांनी त्यांना मळ्यात भरीत पार्टीला बोलावलं. काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या, आणि साहेब राखाडी शर्टवाल्यांच्या पंगतीत मांडी घालून. तिथे एका पोराने त्यांना कन्व्हेयरच्या गार्डचं सांगितलं. आठवड्यात गार्ड बसलं. त्याहून मोठं म्हणजे, ज्याने सांगितलं त्याला काही झालं नाही, हे सगळ्यांनी नीट बघून घेतलं. लाल दिवे वाढले, परत येणारा माल कमी झाला. हेड ऑफिसला आधी दिवेच दिसले. “तुमच्याकडे ब्रेकडाउन का वाढले?” असा मेल आला, सीसीमध्ये अर्थातच सात जण. साहेबांनी परत आलेल्या मालाचे आकडे पाठवले. पुढे त्यांची गुजरातला बदली झाली. शिक्षा होती की बढती, आमच्यात अजून वाद होतो.

आताचे साहेब मधले आहेत. तक्ता परत लावला नाही, पण तो प्रश्नही विचारत नाहीत. माझं मत विचारशील तर नोकरी घे. दालमिलमध्ये तुला पीएफ अजून तोंडीच आहे, आणि इथे पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यात पडतो, त्यात आजवर खंड नाही. पण सहीआधी काही बघ. तुझी ऑफर तीन वर्षांच्या कराराची आहे. नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यात करारावरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षं थांबायची गरज नाही. सीटीसीत, म्हणजे कंपनीने तुझ्यावरचा एकूण खर्च म्हणून दाखवलेल्या रकमेत, ग्रॅच्युइटीचा 4.81 टक्क्यांचा आकडा धरलाय, तेव्हा तो तुझाच आहे हे लिहून घे. पदनाम ‘एक्झिक्युटिव्ह’ दिलंय, त्याला भुलू नकोस. पान्हा हातात घ्यायचा, पण नावात एक्झिक्युटिव्ह असलं की ओव्हरटाइमचा दुप्पट दर मागताना तोंडावर तेच नाव फेकतात आणि कॉम्प-ऑफवर, म्हणजे बदली सुट्टीवर, भागवतात. ड्युटीचं स्वरूप लेखी माग.

मेडिकलला प्लांटमध्ये बोलावतील तेव्हा घाई करू नकोस. नोटीस बोर्डवर महिला तक्रार समितीची यादी आहे, तिच्यातली किती माणसं अजून इथे नोकरीत आहेत ते सहज विचार. मग मेन्टेनन्स हेडला विचार की मागच्या महिन्यात लाईन सगळ्यात जास्त कशामुळे बंद होती. गिअरबॉक्स, सेन्सर, काहीही सांगितलं तर बरं. ‘आमच्याकडे लाईन बंद पडत नाही’ म्हणाला, तर मला फोन कर. दुसऱ्या विभागात जागा निघणार आहे, त्याचं बघू.

सोमवारपासून माझी सेकंड शिफ्ट आहे, रात्री साडेअकराच्या आत फोन लागणार नाही. वहिनींना नमस्कार, आबांना पाया पडतो म्हणून सांग. येताना भरिताची वांगी आण, इकडे बाजारात हल्ली बी फार निघतं.

तुझा,
भाऊ