ताई, तुमच्या आईचं पाखडायचं सूप तुम्ही माझ्या हातात दिलंत

ताई,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहिते आहे. माझ्या माणसांनी ते वाचावं असं मला फार वाटतं. तुम्हाला मी ते इंग्रजीत सांगेनच.

गेल्या उन्हाळ्यात माझी आई गेली. भोर तालुक्यात तिचा सगळा जन्म भातखाचरात गेला आणि मी इकडे मिनेसोटात, डुलुथला. तिचं शेवटचं दर्शनही झालं नाही. ऑफिसने मोजून रजा दिली आणि समुपदेशनाचा एक फोन नंबर पाठवला. ज्यांच्याबरोबर दर गणपतीत आरतीला उभी राहते, त्यांनीही 'वय झालं होतं ना?' एवढं विचारून विषय बदलला. ते अजून सलतं. आई कशी होती, हे एकानेही विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत. 'काय पिकवायची ती?' मी म्हटलं, भात. 'मग सप्टेंबरात आमच्याकडे ये,' म्हणालात. तुमची स्वतःची आई जाऊनही तेव्हा वर्ष झालं नव्हतं.

तुम्ही अनिशिनाबे, इथले मूळ रहिवासी. तुमचा मनोमिन, म्हणजे जंगली भात, उथळ तळ्यांत आपला आपण उगवतो. पाण्यावर अन्न उगवतं तिथे जा, असं सांगणं झालं म्हणून तुमचे पूर्वज पूर्वेच्या समुद्राकडून मजल दरमजल करत या सरोवरांच्या मुलखात आले. फॉन्ड डू लॅक रिझर्वेशनवरच्या, म्हणजे तुमच्या लोकांसाठी राखलेल्या मुलखातल्या तळ्यात भात काढायचा हक्क तुमच्या लोकांचा, म्हणून मी काठावरच थांबले. एकजण लांब काठीने होडी रेटतो, दुसरा सीडरच्या दोन हलक्या काठ्यांनी लोंब्या होडीवर वाकवून झोडतो, तेही अगदी अलगद. जोर लावावा लागला तर दाणा तयार नाही, त्याला राहू दे, पुन्हा ये, ही तुमच्या आईची शिकवण. पाण्यात पडेल ते तळ्याचं, पुढच्या वर्षीचं बी. होडी लोटण्याआधी पाण्याला चिमूटभर तंबाखू. आणि पहिला भात कुणाच्या घरी? ज्या म्हाताऱ्यांना आता तळ्यावर येववत नाही, त्यांच्या.

हे सगळं टिकवणाऱ्या तुमच्या आईला लहानपणी बोर्डिंग शाळेत स्वतःची भाषा बोलायची बंदी होती. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८५४ च्या ला पॉइंट तहाने तुमच्या लोकांची बरीच जमीन गेली, शिकारीचा, मासेमारीचा हक्क तेवढा कागदावर राहिला. खाणींच्या पाण्यातलं सल्फेट तळ्याच्या गाळात सल्फाइड होऊन भाताच्या मुळांवर उठतं. त्यावर मिनेसोटात १९७३ पासून लिटरला १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती नीट पाळली जावी म्हणून तुमची आई काठी टेकत सभांना जायची, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. चढायलाच हवा होता.

भात कढईत भाजून झाला, मऊ चामड्याचे जोडे घातलेल्या पोरांनी तो तुडवून तूस मोकळं केलं आणि पाखडायची वेळ आली. तुम्ही आत जाऊन बर्चच्या झाडाच्या सालीचं एक पसरट भांडं घेऊन आलात. थेट आपल्या सुपासारखं. कड हाताळून काळी पडलेली, एका कोपऱ्यात मागाहून घातलेले जाड टाके. तुमच्या आईने ते स्वतः शिवलेलं. काही न बोलता तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता, हे मला तुमच्या भाचीकडून नंतर कळलं.

माझ्या पहिल्या झोक्याला मूठभर दाणे गवतात गेले. तुम्ही ते भांडं काढून घेतलं नाहीत. मग मनगटाला सवय आठवली, तूस वाऱ्यावर जायला लागलं आणि मला रडू फुटलं. तुम्ही शेजारी ओंडक्यावर बसून म्हणालात, 'तिचं नाव सांग.' मी सांगितलं. जिभेवर नीट बसेपर्यंत तुम्ही ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिलात.

ताई, स्वतःची जखम ओली असताना दुसऱ्याला जवळ बसवून घेणं सगळ्यांना जमत नाही. ज्यांच्या घरातून जमीन गेली, भाषा गेली, मुलंसुद्धा उचलून नेली, त्यांच्या अंगणात मला परकेपणा वाटला नाही. माणुसकी म्हणतात ती मी तिथे पाहिली, आणि तुमच्या आईने ती तुम्हाला तळ्यावरच शिकवली असणार याबद्दल मला शंका नाही.

मीग्वेच, ताई. तुमच्याच भाषेत धन्यवाद, मनापासून.

मार्चअखेर मॅपलचा रस गळायला लागला की मला बोलवा. चाळीस बादल्या आटवून एक बादली पाक होतो म्हणता, म्हणजे लाकडं भरपूर लागणार. मला फोडता येतात. रात्री चुलीपाशी जागायलाही मी थांबेन.