सुन्या, 14 किलोमीटरवर जाऊ नकोस

प्रिय सुन्या,

तुझा फोन आला तेव्हा शाहू स्टेडियमवर होतो, आरडाओरड्यात अर्धंच ऐकू आलं, म्हणून आता जेवून निवांत लिहायला बसलोय. तू म्हणालास, 2030 चा वर्ल्ड कप स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत आहे, स्पेन आणि मोरोक्कोच्या मधला समुद्र फक्त 14 किलोमीटर, खालनं रेल्वेचा बोगदा काढतील, एक मॅच स्पेनमध्ये बघू आणि दुसरीला गाडीत बसून आफ्रिकेत जाऊ. मलाही आधी वाटलं, 14 किलोमीटर म्हणजे इथनं पन्हाळासुद्धा नाही, एवढं काय त्यात. मग वाचत बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

अरे, स्पेन आणि मोरोक्को दोघांनी हे 1979 ला ठरवलंय! दोन्हीकडं त्यासाठी एकेक सरकारी कंपनी आहे, आपण जन्मायच्या आधीपासनं सर्व्हेच चाललाय.

गोम अशी की हा मधला समुद्र, म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी, जिथं अरुंद आहे तिथंच ती सगळ्यात खोल, जवळजवळ 900 मीटर. आणि रेल्वेला चढ झेपत नाही. खंडाळ्याच्या घाटात 37 मीटरला 1 मीटर चढ आहे तर गाडीला मागनं रेटायला जादा बँकर इंजिनं जोडावी लागतात, बघितलंयस की तू. किलोमीटरला 30 मीटर उतार धरला तरी नुसतं 900 मीटर खाली जायला 30 किलोमीटर लागतात आणि वर यायला परत तेवढेच, म्हणजे समुद्र 14 चा आणि बोगदा 60 च्या वर. म्हणून मग पश्चिमेला सरकले, तिथं समुद्राच्या तळाला कॅमारिनाल म्हणून एक उंचवटा आहे, खोली 300 मीटरच्या आसपास, पण रुंदी दुप्पट, समुद्राखालीच 28 किलोमीटर.

आणि तिथं बोअर मारले तर काय सापडावं? तळाखाली दोन जुन्या खोल घळी, चिकणमाती आणि दगडाच्या तुकड्यांनी भरलेल्या. आमच्या आप्पांचं वस्तीवरचं बोअर आठवतंय का, वर चांगला काळा पाषाण लागला म्हणून सगळे खूश आणि खाली ढासळ लागून रॉड अडकला? तसलंच हे, फक्त डोक्यावर अख्खा समुद्र.

इंग्लंड-फ्रान्सचं नशीब चांगलं, त्यांना खाली मऊ पण पाणी न झिरपणारा खडूचा थर मिळाला, त्यातनं 50 किलोमीटरचा बोगदा काढला आणि 1994 ला सुरू केला. तरी त्याआधी दोनदा काम बंद पडलंच. 1882 ला इंग्रजांना भीती, फ्रेंच सैन्य बोगद्यातनं आत येईल (स्वतः जगभर घुसले ते चालतंय!) आणि 1975 ला पैशापायी. दोन्ही वेळा खडक चांगलाच होता बरं का.

मला विचारशील तर त्या घळींतनं आधी एक लहान चाचणी बोगदा काढून बघावा, वर्ल्ड कपची घाई त्यात आणूच नये. आपल्या कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे लाइनचं बघ की, मधी ना समुद्र ना दुसरा देश, नुसता सह्याद्री, तरी किती वर्षं ऐकतोय आपण.

तवर स्पेनमधल्या तारिफा ते मोरोक्कोतल्या टँजिअर बोट आहे, तासाभराची. तिकिटांचं तू बघ. माझा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय, तेवढा रिन्यू करून घेतो.

तुझा,
बंड्या