फॉर्म पाठवता, तसा माणूसही पाठवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

साकीनाक्याला खैरानी रोडवर आमचा गाळा आहे. चार लेथ, दोन मिलिंग मशिनं, एक कॉम्प्रेसर आणि ११ कामगार. पितळेचे आणि लोखंडाचे छोटे पार्ट आम्ही जॉबवर्कवर करून देतो. वडील पवईच्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांनी १९८४ साली हा गाळा घेतला, २०११ पासून मी सांभाळते. गेल्या महिन्यात आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून, एका नावाजलेल्या कंपनीकडून, ६२ प्रश्नांचा फॉर्म आला. सगळा इंग्रजीत. पर्यावरण, कामगार, समाज, कारभार असे त्याचे भाग. १५ दिवसांत भरून पाठवा, यापुढच्या ऑर्डरी देताना उत्तरं विचारात घेतली जातील, असं सोबतच्या पत्रात होतं.

हे प्रश्न विचारू नयेत असं मी म्हणत नाही. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून जबाबदार व्यवसायाचा अहवाल सक्तीचा केला आहे, बीआरएसआर म्हणतात तो. त्यात माल पुरवणाऱ्यांचाही विषय येतो, म्हणून हे कागद आता आमच्यापर्यंत पोहोचायला लागले. पोहोचायलाच हवेत. गटारात तेल कोण सोडतं, हे कोणीतरी विचारलंच पाहिजे. मला ते २६ जुलै २००५ ला कळलं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदीचं पाणी आमच्या गल्लीत छातीपर्यंत चढलं. दुसऱ्या दिवशी आलो तर वापरलेल्या तेलाचं पिंप आडवं झालेलं. मागच्या चाळीत प्रत्येक घरात पाण्याच्या वर काळा तवंग आणि भिंतीवर हातभर रुंद पट्टा. एक बाई डाळीचा डबा उपडा करून रडत होती, डब्यातही तेल गेलं होतं. ते तेल आमचं होतं. वडिलांनी त्या चार घरांना धान्य भरून दिलं. पण तोवर इतकी वर्षं थोडंथोडं तेल गटारात जातच होतं, त्याचा हिशेब कोणी मागितला नव्हता.

म्हणून तो फॉर्म मी मनापासून भरायला बसले. भाचा कॉमर्सला आहे, त्याला शेजारी बसवलं. पहिलाच प्रश्न, संचालक मंडळाची पर्यावरण समिती आहे का? पुढे स्कोप एक आणि स्कोप दोनचं, म्हणजे स्वतः जाळलेल्या इंधनाचं आणि विकत घेतलेल्या विजेचं, कार्बन उत्सर्जन टनांत लिहा. मग मानवी हक्कांचं लेखी धोरण जोडा, विविधतेचं धोरण जोडा, तक्रार निवारणाचं धोरण जोडा. ६२ पैकी निम्म्याहून जास्त प्रश्न ‘धोरण आहे का’ असे. गाळ्यात प्रत्यक्ष काय चालतं हे विचारणारे पाच-सहा असतील. शेजारच्या गाळेवाल्याने एका सल्लागाराकडून अशा धोरणांची तयार फाइल विकत आणली. मला दाखवली, तर तिसऱ्या पानावर दुसऱ्याच कारखान्याचं नाव तसंच राहिलेलं. त्याला मी दोष देत नाही. त्याला ऑर्डर टिकवायची आहे आणि दोन पोरांची फी भरायची आहे. पण ती फाइल कंपनीत जाईल, तिथे तिला गुण मिळतील आणि त्याच्या गाळ्यातलं तेल पूर्वीसारखंच वाहत राहील. हे मला सहन होत नाही.

आमच्यासारख्या गाळ्यात खरं काम कसं होतं ते सांगते. लेथवर कापताना कूलंट लागतं, दुधासारखं पांढरं पाणी. धातूचा कीस निघतो तो त्या पाण्याने भिजलेला असतो. आम्ही तो तसाच पिंपात भरायचो, पाणी खालून ठिबकून फरशीवर यायचं, त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा आणि तो भुसा कचऱ्यात. भंगारवाला ओल्या किसाचं वजन कापायचा ते वेगळंच. आमचे सगळ्यात जुने टर्नर काका आहेत, त्यांनी जुन्या पत्र्याला भोकं पाडून एक उतरती जाळी केली. कीस रात्रभर तिच्यावर पडून राहतो, कूलंट खालच्या डब्यात जमतं, सकाळी गाळून परत मशिनात. पितळ, लोखंड, अॅल्युमिनियम तिन्हींचे डबे वेगळे केले. पूर्वी कूलंटचा २० लिटरचा कॅन महिन्यात संपायचा, आता दीड महिना पुरतो. सुका आणि निवडलेला कीस म्हणून भावही बरा मिळतो. या सगळ्याला खर्च आला तो एका दिवसाच्या वेल्डिंगचा.

दुसरी गोष्ट हवेची, कॉम्प्रेसर मशिनांना दाबाने पुरवतो त्या हवेची. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं बंद, तरी कॉम्प्रेसर मधूनच धडधडायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे, जुना आहे म्हणायचो. एका शनिवारी दुपारी सगळं बंद केल्यावर मी नुसती उभी राहिले, तर भिंतीच्या कडेने बारीक फुसफुस ऐकू येत होती. साबणाचं पाणी ब्रशने हवेच्या नळ्यांच्या सांध्यांवर लावत गेलो. सात ठिकाणी बुडबुडे आले. वायसर आणि क्लॅम्प बदलले, तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर गप्प असतो आणि विजेच्या बिलात ते दिसतं. हे मला कोणत्याही फॉर्मने सांगितलं नाही. कोणी जाणता माणूस दोन तास गाळ्यात येऊन उभा राहिला असता, तर दहा वर्षं आधी कळलं असतं.

काही गोष्टी मात्र एकट्या गाळ्याला जमतच नाहीत. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेलं तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं आणि ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. नियम योग्यच आहे, तेल साठवणं म्हणजे आगीला आमंत्रण. पण आमचं २०० लिटरचं पिंप ९० दिवसांत अर्धंही भरत नाही, आणि अर्ध्या पिंपासाठी गाडी येत नाही. मग संध्याकाळी हातगाडीवाला येतो, चार पैसे देतो, तेल कुठे जातं हे कोणी विचारत नाही. मी आमच्या इमारतीतले नऊ गाळे एकत्र केले. तेल एकाच दिवशी द्यायचं, पावती प्रत्येकाची वेगळी घ्यायची. हे जमवायला मला सात महिने लागले, त्यातले पाच नुसते ‘बघू’ ऐकण्यात गेले. औद्योगिक वसाहतीच्या सोसायट्यांनी, किंवा माल घेणाऱ्या कंपन्यांनी मिळून, हीच सोय केली तर तिला सात महिने लागणार नाहीत.

आता कामगारांविषयी. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे आमच्याच खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार गेले. त्या दिवसापर्यंत आमच्याही पोटमाळ्यावर दोन मुलं झोपत. गावाहून आलेली, भाडं वाचवणारी. शटर बाहेरून लावलेलं असायचं, हे लिहिताना आजही हात थरथरतो. त्याच आठवड्यात दोघांना जरीमरीला खोली बघून दिली, निम्मं भाडं गाळा देतो. पोटमाळ्यावर आता फक्त खोकी असतात. फॉर्ममध्ये ‘सामाजिक कार्य’ या रकान्यात मी हे लिहिलं, तर भाचा म्हणाला, “मावशी, हे चालणार नाही. शाळेला देणगी, झाडं लावली, असलं काहीतरी हवं.” त्याचं बरोबर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातही नफ्याच्या २ टक्के सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, खर्चात स्वतःच्याच कामगारांसाठीचा खर्च धरत नाहीत. ५०० कोटींचं नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांसाठी ती तरतूद आहे, त्यांच्यासाठी ते ठीकच. पण तोच साचा ११ माणसांच्या गाळ्यावर बसवू नका. आमची जबाबदारी पोटमाळ्यापासून, डोळ्यावरच्या चष्म्यापासून आणि वेळेवर भरलेल्या पीएफपासून सुरू होते.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा २००६ चा. लेखी करार असला तरी आमच्यासारख्यांचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली, मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी दाखवता येत नाही. तरीही ज्या कंपनीने ६२ प्रश्न पाठवले, तिच्याकडचं आमचं दिवाळीआधीचं बिल होळीनंतर आलं. उशिरा मिळणाऱ्या पैशांची सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, मला ठाऊक आहे. पण तक्रार केल्यावर पुढची ऑर्डर येईल का, हे ज्याच्या-त्याच्या मनाला माहीत आहे. त्या चार महिन्यांत मी पगार ओव्हरड्राफ्टवर काढले आणि नवी, कमी वीज खाणारी मोटर घ्यायची ठरवली होती ती पुढे ढकलली. सेबीच्या त्याच अहवालाच्या मुख्य भागात पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी दिले जातात, हेही कंपन्यांना लिहावं लागतं. तो आकडा त्यांनी आमच्या फॉर्मच्या पहिल्या पानावर छापावा. मग त्या ६२ प्रश्नांची उत्तरं आम्ही अधिक मोकळेपणाने देऊ.

छोट्यांना कोणीच मदत करत नाही असंही नाही. केंद्राची झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट, म्हणजे मालात दोष नको आणि पर्यावरणाला इजा नको) प्रमाणपत्राची योजना आहे, कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्यांची. सूक्ष्म उद्योगाला शुल्कात ८० टक्के सूट, महिलांच्या उद्योगाला पूर्ण माफ. मी कांस्य केलं. त्यातले प्रश्न कामाचे आहेत, फोटो काढण्यासाठी का होईना गाळा झाडून निघतो. पण आमच्या गल्लीत त्याचं नाव माहीत असणारे दोघं-तिघंच भेटले.

माझी मागणी मोठी नाही. साकीनाका, कुर्ला, भांडुप, जिथे जिथे गाळे आहेत तिथे माल घेणाऱ्या चार-पाच कंपन्यांनी मिळून एक जाणता माणूस नेमावा. मराठी-हिंदीत बोलणारा, हातात साबणाच्या पाण्याचा ब्रश धरायला न लाजणारा. त्याने वर्षातून दोनदा प्रत्येक गाळ्यात यावं, बघावं, शिकवावं, काय दिसलं ते लिहावं आणि तोच कागद सगळ्या कंपन्यांनी मानावा. आज पाच गिऱ्हाइकांचे पाच वेगळे फॉर्म भरावे लागतात. त्या माणसाचा पगार सीएसआरच्या २ टक्क्यांत बसवण्याची धडपड नको, तो खरेदीच्याच खर्चात धरा. पार्ट तुमचा आहे, तो करताना सांडणाऱ्या तेलातही तुमचा वाटा आहे.

आणि तुमच्या वृत्तपत्राला एक विनंती. उद्योगाच्या पानावर मोठ्या कंपन्यांचे निकाल येतात, त्याच्याच बाजूला पंधरा दिवसांतून एकदा छोट्या गाळ्यांसाठी चौकट द्या. तेल कोणाला द्यायचं, झेडसाठी अर्ज कसा करायचा, अशा एकेका गोष्टीची, साध्या मराठीत. सुरुवातीला लागत असेल तर किसाच्या जाळीचं काकांनी काढलेलं चित्र मी पाठवते.

खरेदी विभागातल्या कोणाला गाळा बघायचा असेल तर शनिवारी दुपारी दोननंतर या. तेव्हा मशिनं बंद असतात, हवेची गळती ऐकू येते.

आपली नम्र,
एक लघुउद्योजिका
खैरानी रोड, साकीनाका, मुंबई ७२